व्याह्यांकडचा पेशंट

माझ्या व्याह्यांइतका सरळ माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतकं मला कुणी गोंधळात टाकलेलंही नाही. वाकड्या माणसांचं एक बरं असतं. ती काय करतील याचा साधारण अंदाज असतो, आपण आधीच सावरून बसतो. हे गृहस्थ खोटं बोलत नाहीत, टोमणा मारत नाहीत, लग्नात त्यांनी मानपानाचा चकार शब्द काढला नाही. आणि तरीही गेली चार वर्षं त्यांच्या घरून निघालो की सातपूर मागे पडेपर्यंत मी आणि बायको एकमेकांना विचारत असतो, की आत्ता नेमकं काय झालं. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मोसमी वारे कुठून येतात आणि कुठे जातात हे फळ्यावर बाण काढून मी पोरांच्या गळी उतरवलं आहे. पण व्याह्यांच्या डोक्यात कोणता वारा कुठून शिरतो याचा बाण मला अजून काढता आलेला नाही.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. टूलरूम म्हणजे साचे आणि मापं घडवायची खोली. बाहेर कुणाची चूक झाली तर एक नग वाया जातो, टूलरूममध्ये झाली तर सगळा मालच चुकतो, असं ते सांगतात. तिथे दरवर्षी बाहेरून ऑडिटर यायचे, आणि ते यायच्या आधी साहेब सगळ्यांना बजावायचे, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, पदरचं एक वाक्य जोडू नका. बाकीच्यांनी ते ऑडिटपुरतं पाळलं, आमच्या व्याह्यांनी जन्माचं व्रत घेतलं. 'चहा घेणार का' म्हटलं की 'हो' म्हणतात. साखर वर्ज्य आहे हे कप हातात दिल्यावर, 'साखर चालते ना' असं विचारलं तरच कळतं. मुलीच्या लग्नाची बैठक बसली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. असतं तर पुढचे चार दिवस आमच्या घरात ज्या तऱ्हेने गेले त्या तऱ्हेने गेले नसते.

बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला तसा मी सावरून बसलो. व्याही म्हणाले, "आम्हाला काही नको." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते पुढे म्हणाले, "फक्त रुखवतात नॉनस्टिकची भांडी ठेवू नका."

मी म्हटलं, "बरं. पण का?"

"तापली की त्यांचा धूर बाधतो. घरात पेशंट आहे."

"कसला पेशंट?"

"लिव्हरचा."

"किती दिवस झाले?"

"आठ वर्षं."

बैठकीत याच्यापुढे विचारायची रीत नाही. मंडळी पोहे खाऊन गेली आणि बायकोने दार लावता लावता निकाल दिला, "लिव्हर म्हणजे दारू." विहीणबाई कधीच्याच वारलेल्या, घरात बाप-लेक दोघंच, मग पेशंट कोण? एक तर व्याही, नाही तर आमचा होणारा जावई, नाही तर माळ्यावर लपवून ठेवलेला कुणी भाऊ. शिवाय नॉनस्टिक नको याचा अर्थ तांब्या-पितळेची भांडी हवीत, फक्त तोंडाने म्हणायचं नाही, असंही तिने त्यातून काढलं. चार दिवस आम्ही धड जेवलो नाही. पाचव्या दिवशी 'घर बघायला आलो' असं म्हणून मी सातपूरला जाऊन थडकलो आणि पाणी पिता पिता धीर करून विचारलं, "तुमचा पेशंट कुठे असतो?" व्याह्यांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे एका पिंजऱ्यात, अंगाने हिरवा पण तोंडाला आणि छातीला राखाडी, असा एक पक्षी माझ्याकडे बघत मान खालीवर करत थरथरत होता.

"झटका आला की काय त्याला?" मी उठलोच.

"नाही. ती जातच थरथरते."

"मग आजार कुठला?"

"लिव्हरला चरबी."

मी घरी येऊन सांगितलं, "पोपट आहे." बायकोने रुखवताची यादी काढून नॉनस्टिकवर काट मारली. मग म्हणाली, "पोपटासाठी रुखवत बदलायला लावणारा सासरा बरा, की दारू पिणारा, हे मला कळेना झालंय."

आपल्याकडचा हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. हा दक्षिण अमेरिकेतला, पैदास करून विकतात त्यांतला. मूळ तो व्याह्यांचा नव्हताच. त्यांच्या कारखान्यात लेथवर काम करणारे एक मित्र होते, बागलाणातल्या नामपूरचे. कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती, तिथे त्यांनी हा पक्षी सूर्यफुलाच्या बिया आणि कँटीनच्या फरसाणावर वाढवला. तो बोलायला काही शिकला नाही, पण भिंतीपलीकडच्या चहाच्या सुट्टीचा भोंगा मात्र हुबेहूब वाजवायला शिकला. नोकरी संपल्यावर मित्र गावी कांद्याची शेती बघायला निघाले. जाताना 'पंधरा दिवस ठेवा, घर लावतो आणि न्यायला येतो' असं म्हणून पिंजरा व्याह्यांच्या ओट्यावर ठेवून गेले. मग गावात मांजरी फार निघाल्या, मग सुनेला बाळ झालं, मग कधी कांदा काढायचा होता तर कधी लावायचा. पंधरा दिवसांची बारा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी नामपूरहून फोन येतो आणि मित्र त्यांच्या बागलाणी बोलीत विचारतात, "पोपट कसा शे?" म्हणजे कसा आहे. व्याही म्हणतात, "बरा आहे." एवढ्यावर फोन संपतो.

बारा वर्षांत व्याह्यांनी त्या पक्ष्याला नाव ठेवलेलं नव्हतं. पेशंट म्हणूनच त्याला हाक मारायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माझा आहे का नाव ठेवायला? मालक ठेवील." टूलरूमचा त्यांचा एक नियम आहे, की दुसऱ्याचं माप मागून आणलं तर जसं आणलं तसं परत करायचं, आणि बिघडलेलं आणलं असेल तर दुरुस्त करून परत करायचं. पक्षी आला तेव्हा एकशे पंचावन्न ग्रॅम होता आणि वरची चोच वाढून छातीला टेकत होती. लिव्हर बिघडलं की या पक्ष्यांची चोच भलतीच वाढते म्हणे. आजार मुळापासून जाणार नाही, पथ्य मात्र जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्याह्यांनी ते ऐकलं, आणि बिघडलेलं माप दुरुस्तीला घेतलं.

त्यांची दुरुस्ती मी चार वर्षं पाहतो आहे. रोज सकाळी पहिल्या घासाआधी पक्ष्याचं वजन होतं, सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर. एकशे पंधरा ग्रॅम, दोन इकडे दोन तिकडे चालतील. दोनाचे तीन झाले की त्या दिवशी व्याह्यांचा चेहरा बघवत नाही. दर तीन आठवड्यांनी चोच घासायची. ती पद्धत डॉक्टरांनी शिकवली, पण डॉक्टर नजरेने घासतात हे काही व्याह्यांना पटलं नाही. त्यांनी पितळेच्या पत्र्यातून चोचीचं एक गेज, म्हणजे मापाचा साचा, कापलं. पक्ष्याला टॉवेलात गुंडाळायचं, बारीक कानशीने दोन हात मारायचे, गेज लावून उजेडाकडे धरायचं, कुठे फट दिसते ते बघायचं, पुन्हा दोन हात. मी एकदा टॉवेल धरायला होतो. पाऊण तासाने ते म्हणाले, "पास." मला उगीचच आपणही कशात तरी पास झालो असं वाटलं.

हवेचंही तसंच. त्यांच्या घरात उदबत्ती नाही, अत्तर नाही, फोडणीचा धूर नाही. पाहुणा आला की दारातच दोन्ही हात धुवायला लावतात आणि हळूच वास घेतात. आमचा जावई लग्नाच्या दिवशी सेंट लावून आला तर त्याला त्यांनी बोहल्याऐवजी आधी न्हाणीघराकडे पाठवलं होतं. दिवाळीत फटाक्यांच्या धुराचे तीन दिवस ते पिंजरा गाडीत ठेवतात आणि गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन काचा लावून बसतात. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आम्ही त्यांना शोधत तिथे गेलो. गाडीत पुढच्या सीटवर व्याही होते, मागच्या सीटवर पट्टा लावलेला पिंजरा होता, आणि दोघंही पाण्याकडे बघत होते. चकली त्यांनी बाहेर उभं राहून खाल्ली.

कारण पक्ष्याला जे वर्ज्य ते त्याच्यासमोर खायचं नाही, हा आणखी एक नियम. म्हणजे त्या घरात शेंगदाणा येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी आम्हाला चतुर्थीला फराळाला बोलावलं आणि स्वतः साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याच्या कुटाशिवाय. बायकोने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. येताना गाडीत म्हणाली, "मूठभर दाणे जड झाले त्या माणसाला. कंजूष घरात दिली आपण पोरगी." वर्षभर तिने हे मनात ठेवलं. पुढे कधी तरी मुलीने पुण्याहून, जावयाच्या नोकरीच्या गावाहून, फोनवर सहज सांगितलं, की बाबांना शेंगदाण्याची चटणी जीव की प्राण होती, पेशंट आल्यापासून सोडली. बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात उगीचच भांडी लावत बसली. जेवताना म्हणाली, "एवढंसं सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "आपण विचारलं नव्हतं."

हे सगळं नीट चाललं होतं. गेल्या अधिक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र रविवारचा फोन आला नाही. सोमवारी त्या मित्रांच्या सुनेचा आला. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. घरी आणलं होतं, शुद्धीवर होते, पण आठवण मागेपुढे होत होती, आणि सारखं एकच म्हणत होते, की माझा पोपट आणा, मला बघायचाय. व्याही निघालेच असते, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी चालवणं बंद झालेलं आणि एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर. त्यांनी सुनेला सांगितलं, "तीन आठवड्यांत आणतो. परतच द्यायला आणतो." मग मला फोन करून म्हणाले, "पाहुणे, डॉक्टर म्हणतात डोळ्याजवळ पिसांची भुकटी नको. दोन आठवडे पेशंट तुमच्याकडे ठेवता का?" मुलीच्या सासऱ्याने पहिल्यांदाच काही मागितलेलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

पिंजऱ्याबरोबर काटा आला, औषधाचा ड्रॉपर आला आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक तक्ता आला. सकाळी मोड आलेली मटकी एक चमचा, ढोबळी मिरची, गाजर, शेवग्याचा पाला. खाली लाल अक्षरांत वर्ज्य पदार्थ, त्यात शेंगदाणे पहिले. जाताना व्याही पिंजऱ्यापाशी उभे राहिले. "मालकाच्या हातात जाईपर्यंत टिकला पाहिजे," एवढंच म्हणाले. न विचारता त्यांनी मनातलं काही सांगितल्याचं मी ऐकलेलं तेच पहिलं वाक्य.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. पहिल्या संध्याकाळी मी चिवडा खात बसलो होतो. पक्षी दांडीवर पुढे सरकला, मान खालीवर केली आणि माझ्याकडे बघून थरथरला. ती जातच थरथरते हे मला पाठ होतं. पण एकट्याने समोरासमोर बघितल्यावर ते थरथरणं निराळं दिसतं. मी एक दाणा दिला. एका दाण्याने काय होणार? दुसऱ्या दिवशी चिवड्याच्या वेळी त्याने भोंगा वाजवला. त्यानंतर आमचं दोघांचं रोजचंच ठरलं, तीन-चार दाणे, बायकोच्या नकळत.

आणि माझ्या नकळत बायकोचं वेगळंच चाललं होतं. अधिक महिना, जावयाला वाण द्यायचं म्हणून तिने तेहेतीस अनारसे केले होते. जावई येणार महिनाअखेरीला. पण त्याआधी सासरकडचं एक माणूस आपल्या पायांनी, म्हणजे पिंजऱ्यातून का होईना, दारात आलं. त्याला या महिन्यात कोरडं ठेवायचं म्हणजे काय, हा तिचा विचार. तक्त्यात अनारसा लिहिलेला नव्हता. साजूक तुपात तळलेला, गूळ घातलेला, वरून खसखस लावलेला अनारसा ती रोज सकाळी नखाएवढा तोडून त्याला द्यायची, आणि पहिल्या दिवशी तर म्हणे तिने त्याला निरांजनाने लांबून ओवाळलंही. बावीस वर्षं तिने नगरपालिकेत अर्ज तपासण्याची नोकरी केली आहे, अडाणी बाई नव्हे. पण मुलीच्या सासरचं माणूस म्हटलं की आमच्या पिढीचं डोकं चालायचं थांबतं.

सकाळचं वजन करायचं माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी काटा पुढे गेला तेव्हा मी तो झाकून ठेवला आणि व्याह्यांना फोनवर 'ठीक आहे' सांगितलं. सहाव्या दिवशी पक्षी दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसला होता. भोंगा नाही, थरथर नाही. तेव्हा कळलं, की त्या थरथरण्याचा आपल्याला केवढा आधार होता. मी व्याह्यांना फोन केला. ते डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा लावून रिक्षाने आले आणि आम्ही तिघं पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी त्या एवढ्याशा जिवाला कातडीखाली सलाईन दिलं आणि म्हणाले, दोन दिवस काढले तर काढले. हलवू नका.

म्हणून व्याही, डोळ्याच्या डॉक्टरांचं पथ्य गुंडाळून ठेवून, आमच्याकडेच राहिले. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "खाल्लं काय काय?"

मी म्हटलं, "तक्त्यात आहे तेच." बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती.

त्यांनी पक्ष्याला अलगद काट्यावर ठेवलं. एकशे चोवीस. त्यांनी काटा पुसला, पुन्हा ठेवलं. एकशे चोवीस. मग त्यांनी पिशवीतून प्रमाणाचं पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं, चष्मा वर करून आकडा अगदी जवळून पाहिला, आणि म्हणाले, "माझ्या काट्यात चूक असणार. तुम्ही तक्ता पाळला म्हणताय, म्हणजे काटाच गेला."

तीस वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या मापावर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, त्याने माझ्या एका वाक्यावर आपलं माप खोटं ठरवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी म्हटलं, "व्याहीबुवा, काटा बरोबर आहे." मग दाण्यांचं सांगितलं, वजन लपवलं तेही सांगितलं. मी बोलत असतानाच बायको आतून अनारशांचा डबा घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "माझंही चुकलं. आता एकतीस उरलेत. अधिकात सासरचं माणूस दारात, कोरडं कसं ठेवू?"

"किती रोज?" व्याह्यांनी विचारलं.

तिने नख दाखवलं. मी दाणे सांगितले. त्यांनी मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "मग बरोबर आहे." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. ते काटा बरोबर निघाल्याचं, की आणखी कशाचं, मला कळलं नाही. थोड्या वेळाने ते बायकोला म्हणाले, "विहीणबाई, चूक झाली. पण बारा वर्षांत त्याला माणसात कुणी धरलं नव्हतं." मग काळ्या चष्म्याखालून डोळा पुसला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी येतंच, म्हणून तेही नक्की सांगता येत नाही.

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे टूलरूम झालं. ड्रॉपर मी, मटकी बायको, तपासणी व्याही. दोन दिवस गेले, चार गेले. आठव्या दिवशी पक्षी दांडीवर चढला आणि माझ्याकडे बघून थरथरला. मी चिवड्याचा डबा उचलून शेजाऱ्यांना देऊन आलो. तीन आठवडे संपता संपता वजन एकशे सोळावर आलं, चोच गेजात बसली. व्याही म्हणाले, "पास. आता परत देऊन येऊ."

देवळा, सटाणा करत आम्ही नामपूरला निघालो, मी गाडी चालवायला, मागे बायको आणि पट्टा लावलेला पिंजरा. व्याह्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत काटा, गेज, कानस, ड्रॉपर, तक्ता, सगळं मालकाच्या हवाली करायला. तो पक्षी तिथे फरसाणावर किती दिवस काढेल, हा प्रश्न आम्हा तिघांच्याही मनात होता. विचारला कुणीच नाही. बाजार समितीच्या बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्यामागे अर्धा तास थांबलो तेव्हा मला ते थांबणं बरंच वाटलं.

मित्र ओट्यावर खाटेला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर पडलेला. व्याह्यांना त्यांनी ओळखलं, उजव्या हाताने जवळ बसवून घेतलं. मग व्याह्यांनी पिंजरा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तुमचा पोपट. सांभाळायला दिला होता."

मित्रांनी बराच वेळ पाहिलं. मग जड जिभेने म्हणाले, "हाऊ मना पोपट नही शे." हा माझा नाही, असं.

सून खाली वाकून म्हणाली, "बाबा, तोच शे."

"नही. मना जाडा व्हता. चोच आठे लोंग व्हती," म्हणत त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, आपल्या स्वतःच्या. "हाऊ कोना शे?"

आणि तेवढ्यात पक्ष्याने भोंगा वाजवला. चहाच्या सुट्टीचा, पूर्ण, शेवटी जरा फाटणारा. म्हाताऱ्याचा उजवा हात आपोआप खाटेवरून उठला. लेथ बंद करायला उठावा तसा उठला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी हात खाली घेतला, व्याह्यांकडे वळले आणि पुन्हा, अगदी सावकाश विचारलं, "कोना शे हाऊ? तुना शे का?"

व्याह्यांनी आयुष्यात विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. उत्तराआधी मात्र त्यांनी पिशवीचे बंद दोनदा सोडले, दोनदा बांधले. मग म्हणाले, "हो. माझा आहे."

"मंग लई जाय घर," मित्र म्हणाले, उजव्या हाताने पिंजरा त्यांच्याकडे सरकवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

परतताना सटाणा येईपर्यंत व्याही मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. झटक्याने मित्रांची आठवण गेली होती, की सगळं आठवूनच ते तसं म्हणाले, हे मी बायकोला खुणेने विचारलं, तिने खांदे उडवले. मग व्याहीच म्हणाले, "पाहुणे, नाव काय ठेवायचं?" मी चार-पाच सुचवली, एकही बसलं नाही. बायको म्हणाली, अधिकात बारसं करत नाहीत, निज महिना लागू दे. आणि निज लागल्यावर तिने खरंच केलं. आत्या म्हणून तीच उभी राहिली, घुगऱ्या केल्या, बिनमिठाच्या, आणि नाव कानात सांगायला गेली तेव्हा पोपटाला कान कुठे असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी व्याह्यांनी पिसं बाजूला करून दाखवला. त्या महिन्यात दगावता दगावता राहिला म्हणून नाव ठेवलं अधिकराव. वजन एकशे पंधरा ग्रॅम. त्या दिवशी मी व्याह्यांना एक अनारसा बाहेरच्या गॅलरीत उभं राहून खाताना पाहिलं.

गेल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. फोन वाजला. हल्ली सून फोन लावून देते. जड आवाज आला, नेहमीचाच प्रश्न, फक्त एक शब्द जास्तीचा, "मना पोपट कसा शे?" अधिकराव व्याह्यांच्या मनगटावर बसून मटकीचा मोड सोलत होता. व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने एका ग्रॅमची थाप कधी मारली नाही, तो म्हणाला, "मजेत आहे. चांगला जाडजूड आहे." पलीकडून हसल्यासारखा आवाज आला आणि फोन ठेवला गेला. त्यांनी खोटं का सांगितलं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.